दोनशे पाच डिग्रीला ‘हो’ म्हणणारं मशीन

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, रत्नागिरी तालुक्यात राहते. बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली आणि आता गावी राहूनच इकडच्या लोकांची छोटीमोठी प्रोग्रॅमिंगची कामं करते. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय जरा टेक्निकल आहे पण नुकसान आंब्याचं झालंय, त्यामुळे ते आपल्याच पेपरात यायला हवं असं मला वाटलं, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या काकांचं आंबा पिकवायचं चेंबर आहे. पूर्वी आमच्याकडे माळ्यावर पेंढ्यात अढी लागायची, दर दोन-तीन दिवसांनी आजी एकेक आंबा परतून बघायची, वासावरून सांगायची की हा उद्या होईल आणि हा परवा. आता माल जास्त, माणसं कमी, कार्बाइडवर बंदी आहे आणि इथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वापरायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, त्यामुळे काकांनीही कर्ज काढून चेंबर बांधलं. तापमान मोबाइलवरून सेट करता येतं. शनिवारी रात्री काकांना वाशीला माल घेऊन निघायचं होतं, टेम्पो दारात उभा, घाईघाईत त्यांनी २०.५ टाकलं, म्हणजे टाकायला गेले, टिंब काही पडलं नाही आणि गेलं २०५. स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण आली, सेटिंग सेव्ह झाली असं आलं, आणि काका निघाले.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तेव्हा मी तिथेच होते. आतून उबट आंबूस वास आला, काकू पदर नाकाला लावून मागे सरली. भिंतीवरचा मीटर ३४ दाखवत होता. काय झालं होतं तर मशीनला सांगितलेलं होतं की खोली २०५ च्या वर गेली की कॉम्प्रेसर चालू कर. खोली काही २०५ ला जाणार नव्हती, म्हणजे अडीच दिवस कॉम्प्रेसर एकदाही सुरू झाला नाही. पिकणारा आंबा स्वतःच उष्णता सोडतो, वरून एप्रिलचं ऊन, पंखे तेवढे आतली गरम हवा फिरवत राहिले. अलार्म पण आहे हो त्या मशीनला, तो का वाजला नाही म्हणून मी बघायला गेले तर अलार्मचा हिशोब असा की सेट केलेल्या आकड्यापेक्षा तीन डिग्री वर गेलं की वाजायचं. म्हणजे तो २०८ ची वाट बघत बसलेला.

९० क्रेट होते. साली सुरकुतलेल्या, वर हिरव्यापिवळ्या चट्ट्यांचा रंग आणि आत देठाजवळ गर पाणचट. पेटीत भरण्यासारखा माल निघाला तो अर्धाही नाही, बाकीचा कॅनिंगवाल्याला द्यावा लागला, आणि कॅनिंगचा भाव काय असतो ते तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. काका एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘‘अगो, मी चुकलो ते चुकलो, पण त्याला कळू नये? दोनशे पाच डिग्रीत भट्टी लावतात, आंबा नाही.’’ ज्याने मशीन बसवलं त्याला फोन केला तर तो म्हणाला ऑपरेटरची चूक आहे, मशीन बरोबर आहे, जे टाकलं तेच त्याने केलं.

मला हे उत्तर मान्य नाही, आणि म्हणूनच हे पत्र. पासष्ट वर्षांच्या माणसाच्या बोटाखाली टिंब निसटणं ही चूक रोज होणार, दहा वेळा होणार. ती पकडायची जागा मशीनच्या आत आहे आणि ती जागा मोकळी सोडली होती.

मी कोड उघडून बघितला. आधी लायब्ररी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक प्रोग्रॅमर सगळं पहिल्यापासून लिहीत नाही, कुणीतरी आधी लिहून ठेवलेला तयार कोड घेतो, त्याला लायब्ररी म्हणतात, आणि ती वापरताना तिला काही आकडे द्यायचे असतात, तापमान किती ठेवायचं, किती सेकंदांनी मोजायचं, किती फरक पडला तर चालू-बंद करायचं, त्यांना आम्ही ऑप्शन म्हणतो. तर या लायब्ररीत (नाव घेत नाही, फुकट मिळते आणि लिहिणाऱ्याने चांगल्या मनानेच लिहिली असणार) तापमानाचा ऑप्शन आला की एकच प्रश्न विचारला जात होता, हा नंबर आहे का? २०५ नंबर आहे. झालं. माहितीपत्रकात मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं की हा आकडा ० ते ५० मध्ये असावा. म्हणजे लिहिणाऱ्याला हद्द माहीत होती, ती त्याने माणसांना वाचण्यासाठी लिहिली आणि कोडमध्ये लिहायची राहिली. माहितीपत्रक काकांपर्यंत कधी पोचणारच नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली ती बघून तर मला फारच वाईट वाटलं. मोबाइलवरच्या त्या चौकटीला जास्तीत जास्त ५० अशी मर्यादा लावलेली होती! वेबपेजवर आकड्याच्या चौकटीला मिनिमम-मॅक्सिमम लावता येतं हे बरोबर आहे, पण ब्राउझर ते अडवतो कधी तर फॉर्म रीतसर सबमिट झाला तर. इथे सेव्हचं बटण दाबलं की मागची स्क्रिप्ट चौकटीतला आकडा परस्पर उचलून पुढे पाठवत होती, त्यामुळे ती मर्यादा असून नसल्यासारखी. पानावर तपासलं म्हणून आत तपासायचं नाही, आत तपासतील म्हणून पानावर नीट बघायचं नाही, आणि मध्ये काकांचे आंबे. तरुण प्रोग्रॅमरना मी कळकळीने सांगते, पानावरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी ठेवा, पण खरी तपासणी जिथे आकडा कामाला लागतो तिथे झालीच पाहिजे.

मग दुरुस्ती करायला मीच बसले. आणि सांगायला हवं की पहिल्या दोन्ही वेळा माझंही चुकलं.

पहिल्यांदा मी विचार केला की ५० च्या वरचं काही आलं तर ५० धरू, ० च्या खालचं आलं तर ० धरू. आमच्या भाषेत याला क्लॅम्प करणं म्हणतात, म्हणजे आकडा ओढून हद्दीत आणून बसवायचा. बरं दिसतं ते, प्रोग्रॅम अडत नाही, कुणी ओरडत नाही. लिहून झाल्यावर लक्षात आलं की २०५ चं ५० झालं असतं तरी खोली ५० ला जाणार नव्हतीच, कॉम्प्रेसर तरीही बंदच राहिला असता, आंबे तितकेच गेले असते. फरक एवढाच की नंतर शोधताना सेटिंगमध्ये २०५ सुद्धा दिसलं नसतं, ५० दिसलं असतं आणि काका म्हणाले असते मी तर ५० टाकलंच नाही. गुपचूप बदललेला आकडा हा चुकीच्या आकड्यापेक्षा शोधायला कठीण, कारण चूक करणाऱ्याला आपण काय टाकलं ते तरी आठवत असतं. आवाजाचं बटण, स्क्रीनचा उजेड असल्या ठिकाणी ओढून बसवलं तर काही बिघडत नाही, पण मागितलं तरच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत क्लिक नावाची लायब्ररी आहे, तिच्यात इंटरेंज आणि फ्लोटरेंज अशी तयार सोय आहे, हद्द द्यायची, बाहेरचा आकडा आला की ती नाकारते, आणि क्लॅम्प तुम्ही स्वतः सांगितलंत तरच करते. ही पद्धत मला योग्य वाटते. रस्ट या दुसऱ्या भाषेतल्या क्लॅप लायब्ररीमध्येही आकड्याची रेंज, म्हणजे हद्द, एका ओळीत लावता येते. म्हणजे हे काही नवीन शास्त्र नाही, तयार आहे, फक्त वापरायला हवं.

गुपचूप बदलण्याचं अजून एक उदाहरण देते, हे तर नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट ही भाषा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कागदपत्रात उघड लिहिलेलं आहे. जावास्क्रिप्टमध्ये अमुक वेळाने हे काम कर असं सांगायचा टायमर असतो, वेळ मिलिसेकंदात द्यायची, आणि त्याची वरची हद्द २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. एवढे मिलिसेकंद म्हणजे साधारण २४.८ दिवस. आता समजा कुणी बागायतदारांना फवारणीची आठवण करून द्यायला ३० दिवसांचा टायमर लावला, ते होतात २५९ कोटी २० लाख, हद्दीच्या बाहेर, तर नोड काय करतं, ते धरतं १ मिलिसेकंद. तीस दिवसांनी जाणारा मेसेज तत्काळ जातो, आणि गेल्यावर परत तोच टायमर लावलेला असेल तर मेसेजवर मेसेज सुटत राहतात. एक इशारा छापला जातो खरा, पण तो सर्व्हरच्या कुठल्यातरी फाइलमध्ये, जी महिनोन् महिने कोणी उघडत नाही. त्याच नोडमध्ये दुसऱ्या कित्येक ठिकाणी मात्र हद्दीबाहेरचा आकडा दिला तर रेंजएरर येतो आणि त्यात नीट लिहिलेलं असतं की कोणता ऑप्शन, कुठून कुठपर्यंत चालतो, आणि तुम्ही काय दिलंत. माझं म्हणणं एवढंच की सगळीकडे असंच असावं. तीन गोष्टी त्या निरोपात हव्यातच, आणि आमच्या लोकांसाठी करायचं तर मराठीत, ‘तापमान २०५ चालणार नाही, १३ ते ३० मधला आकडा द्या, जुनं २०.५ तसंच ठेवलं आहे.’ नुसतं ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ असं लाल अक्षरात दाखवून काकांसारख्या माणसाने काय समजायचं?

आता माझी दुसरी चूक. मी अट लिहिली की तापमान १३ पेक्षा कमी असेल किंवा ३० पेक्षा जास्त असेल तर नाकार. वाचायला अगदी बरोबर. आठ दिवस व्यवस्थित चाललं. मग एकदा सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आणि त्यातून आकडाच येईना, जे आलं त्याला प्रोग्रॅमच्या भाषेत नॅन म्हणतात, म्हणजे नंबर नसलेला नंबर. विचित्र वाटेल पण तो नंबरांच्याच डब्यात बसतो, आयईईई ७५४ म्हणून १९८५ चं जे मानक आहे त्यातलाच हा प्रकार, आणि त्याचा नियम असा की तो कशाहून कमी, जास्त किंवा कशाएवढा आहे का असं विचारलं की उत्तर नाही. तू १३ पेक्षा कमी आहेस का, नाही. ३० पेक्षा जास्त आहेस का, नाही. मग माझ्या अटीने त्याला बिनदिक्कत आत सोडलं. सुदैवाने दिवसाची वेळ होती आणि काकू तिथेच होती, कॉम्प्रेसरचा आवाज येत नाही म्हणून तिने हाक मारली. रात्री अडीच वाजता झालं असतं तर परत तेच.

उपाय अगदी छोटा आहे आणि तो मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. प्रश्न उलटा विचारायचा. बाहेर आहेस का असं विचारायचं नाही, आत आहेस का असं विचारायचं, १३ किंवा जास्त आणि ३० किंवा कमी, आणि याला हो आलं तरच पुढे, बाकी सगळं बाहेर. नॅनला आत आहेस का विचारलं तरी नाही असंच उत्तर येतं, आणि मग तो बरोबर अडकतो. ओळ तेवढीच, अक्षरं तेवढीच. ज्यांच्या पोरी-पोरं कॉम्प्युटर शिकतायत त्यांनी हा परिच्छेद कापून त्यांच्या टेबलावर ठेवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आकडा आत येण्याआधी अक्षरांचा नंबर बनतो, तिथेही नीट बघायला लागतं. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरांचा नंबर करणाऱ्या पार्सफ्लोट या फंक्शनला ‘२०,५’ असं स्वल्पविराम टाकून दिलं तर तो मुकाट्याने २० घेतो, ‘२०.५.५’ दिलं तर २०.५ घेतो, पुढचं टाकून देतो. नंबर नावाच्या फंक्शनला रिकामी चौकट दिली तर तो शून्य म्हणतो, म्हणजे काकांनी काहीच न लिहिता सेव्ह दाबलं तर शून्य डिग्री, आणि ० ते ५० ही हद्द लावलेली असेल तर शून्य त्यात बसतं! हापूस १२-१३ डिग्रीच्या खाली फार वेळ राहिला की त्याला थंडी बाधते, साल काळवंडते, नंतर नीट पिकत नाही, हे कुठल्याही चेंबरवाल्याला माहीत आहे. आणि आपल्या लोकांच्या मोबाइलमध्ये मराठी कीबोर्ड असतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मराठी आकड्यात वीस लिहिलं तर पायथन ते व्यवस्थित २० समजून घेतं, जावास्क्रिप्ट मात्र समजत नाही, नॅन देतं, तोच वरचा नॅन. इथे बसून इथल्या लोकांसाठी काम करणाऱ्याने तरी मराठी आकडे एकदा टाकून बघायलाच हवेत.

वर मी मुद्दाम १३ ते ३० म्हटलंय, ० ते ५० नाही. लायब्ररी लिहिणारा कुठेतरी लांब बसलेला, त्याला हापूस माहीत नाही, त्याने ० ते ५० ठरवलं ते त्याच्या जागी ठीक आहे, मशीनला काय झेपतं त्याची ती हद्द. पण कामाला काय झेपतं त्याची हद्द वेगळी, ती आपण वर लावायची, आणि ती ठरवायची काकांना विचारून. मी विचारलं तेव्हा काका एका मिनिटात म्हणाले, ‘‘तेराच्या खाली नको, तीसच्या वर तर मुळीच नको, मी स्वतः बावीसच्या वर कधी नेत नाही.’’ हे ज्ञान त्यांच्याकडे तीस वर्षं आहे, मशीन बसवताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. इथिलीनचंही तसंच, १०० ची हद्द फळासाठी आणि कायद्यासाठी आहे, पण हाच गॅस हवेत २.७ टक्के झाला, म्हणजे २७ हजार पीपीएम, तर ठिणगीने पेट घेतो. तिथे शून्यं जास्त पडलेली मशीनने चालवून घ्यावीत का?

दर्यावरचं उदाहरण सांगते. आमच्या बंदरावर एका होतकरू मुलाने खलाशांसाठी छोटं अ‍ॅप केलं, मासळीचे पॉइंट सेव्ह करायचे, परत तिथे जायचं असेल तर दिशा दाखवतं. त्याने अक्षांश उणे ९० ते ९० आणि रेखांश उणे १८० ते १८० अशी तपासणी लावलेली, मला खूप आनंद झाला. पण एका तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) दोन आकडे उलटसुलट टाकले, अक्षांशाच्या जागी ७३ आणि रेखांशाच्या जागी १७, दोन्ही आकडे हद्दीत, अ‍ॅपने घेतले. तो पॉइंट पडला नॉर्वेच्याही उत्तरेला थंड समुद्रात. पृथ्वीची हद्द लावून उपयोग नव्हता, आपल्या बोटी जिथवर जातात तिथली हद्द हवी होती. आपली किनारपट्टी साधारण पावणेसोळा ते वीस अक्षांशाच्या पट्ट्यात आणि ७३ रेखांशाच्या आसपास, त्याने आता अक्षांशाला १५ ते २१ आणि रेखांशाला ७० ते ७४ लावलंय, आकडे उलटे पडले की लगेच विचारतं. खोलीचं मात्र असं सोपं नाही, जुने लोक वावेत बोलतात, इको साउंडर मीटर दाखवतो, वीस वाव आणि वीस मीटर दोन्ही हद्दीत बसतात आणि एक वाव म्हणजे सहा फूट. तिथे आकड्याशेजारी एकक लिहून घेणं एवढंच करता येतं.

त्याच अ‍ॅपमध्ये पावसाळी मासेमारी बंदीची तारीख होती, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आपण मराठीत ‘३१ जुलैपर्यंत’ म्हणतो तेव्हा ३१ धरूनच म्हणतो. पायथनमधली रेंज मात्र शेवटचा आकडा धरत नाही, १ ते ३१ अशी रेंज दिली तर ३० लाच थांबते. तेवढ्या एका दिवसाने अ‍ॅपने ३१ तारखेला हिरवा दिवा दाखवला असता आणि बोट पकडली गेली असती तर दंड खलाशाने भरायचा. त्यामुळे टोकाचा आकडा आत की बाहेर हे शब्दात लिहून ठेवावं आणि नेमके तेच दोन आकडे टाकून बघावेत, त्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मला भीती वाटते की हे वाचून कोणी सगळीकडेच घट्ट हद्दी लावत सुटेल. माणसाने दिलेली सेटिंग नाकारणं वेगळं आणि निसर्गाचं मोजमाप नाकारणं वेगळं. एका ओळखीच्या मुलीने प्रोजेक्टसाठी पर्जन्यमापक केला, चोवीस तासांत ५०० मिलिमीटरच्या वर आकडा आला तर चूक समजून टाकून द्यायचा असं तिने लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तुझ्या प्रोग्रॅमने त्या दिवशीचा पाऊस पुसून टाकला असता. ज्या दिवशी आकडा सगळ्यात महत्त्वाचा त्याच दिवशी तो नाही. मोजलेला आकडा विचित्र वाटला तर शेजारी खूण करा, माणसाला कळवा, पण ठेवा. चिपळूणकरांना २०२१ ची २२ जुलै, तो महापूर आठवत असेल, त्यांना हे जास्त समजवायची गरज नाही.

कुणाला वाटेल एवढ्या बारीक गोष्टीसाठी एवढं पत्र. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं, कारण आडव्या वेगाशी संबंधित एक मोठा आकडा सोळा बिटांच्या जागेत कोंबला गेला, त्या जागेत ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, आणि त्या ठिकाणी आकडा मावतो का हे तपासलेलं नव्हतं. कोड जुन्या एरियान ४ मधला, तिथे आकडा कधी एवढा मोठा झालाच नव्हता. आमच्या चेंबरमधली लायब्ररीसुद्धा दुसऱ्याच कामासाठी लिहिलेली, तिथे कुणी २०५ टाकलंच नसेल. डेटाबेसवाल्यांसाठी पण एक, कारण आपल्याकडे सोसायट्यांची, पतपेढ्यांची बरीच सॉफ्टवेअर्स जुन्या मायएसक्यूएलवर चालतात. ८.०.१६ या आवृत्तीच्या आधी मायएसक्यूएलमध्ये चेकची अट (कोणता आकडा चालेल ते सांगणारी) लिहिली तर ती वाचली जायची आणि सोडून दिली जायची, एररही नाही. लिहिणारा निर्धास्त, आणि तपासणी शून्य. आपली आवृत्ती कोणती आहे ते एकदा बघा.

माझी विनंती आता सांगते. बागायतदार, बर्फवाले, कोल्ड स्टोरेजवाले, ज्यांनी कुणी असली मशीनं घेतलीत किंवा या सीझनला घेणार आहेत त्यांनी पूर्ण पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला समोर उभं करून त्याच्यादेखत आकडे टाकून बघावेत. आधी २०५. मग चौकट रिकामी ठेवून सेव्ह. मग शून्य, मग उणे वीस, मग स्वल्पविराम टाकून वीस-पाच, मग मराठी आकड्यात वीस, मग तुमच्या हद्दीचे दोन्ही टोकाचे आकडे. शेवटी सेन्सरची वायर काढून ठेवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. प्रत्येक वेळी मशीनने एकतर बरोबर समजून घ्यायला हवं नाहीतर स्पष्ट नाही म्हणायला हवं आणि जुनी सेटिंग राखायला हवी. हिरवी खूण आली आणि आकडा भलताच असला तर पैसे देऊ नका, दुरुस्त करून आण म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे, कॉम्प्युटर येत नसला तरी करता येतं, काकांनी परवा शेजारच्या वाडीतल्या एकाच्या चेंबरवर स्वतः केलं आणि तिथे रिकाम्या चौकटीला शून्य धरलं गेलं, बसवणारा गाडी घेऊन परत आला.

आपल्या जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या शिक्षकांनाही सांगणं आहे, प्रॅक्टिकलला मुलांचा प्रोग्रॅम चालतोय की नाही एवढंच बघून मार्क देऊ नका, भलता आकडा टाकून बघा आणि तो काय निरोप देतो ते वाचा.

आणि संपादकसाहेब, तुम्हाला विनंती ही की वर जे टाकून बघायचे आकडे लिहिलेत तेवढे तरी एका चौकटीत, जरा मोठ्या अक्षरात, मार्च संपायच्या आत छापा. पहिली काढणी सुरू झाली की पेपर वाचायला कुणाला वेळ राहत नाही, आणि चेंबरं तेव्हाच भरतात.

आपली,
एक वाचक, ता. रत्नागिरी